बाभूळ अकेशिया की वॅचेलिया? झाडांच्या शास्त्रीय नावांचा घोळ कसा सोडवायचा

कॉलेजच्या आवारातल्या बाभळीवर जुनी पत्र्याची पाटी असते: अकेशिया अरेबिका. गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत तीच बाभूळ अकेशिया निलोटिका म्हणून लिहिलेली. मोबाईलच्या अ‍ॅपला फोटो दाखवला तर ते म्हणतं वॅचेलिया निलोटिका. सोलापूर असो, मोहोळ असो की बार्शी, झाडांची यादी करायला बसलं की दुसऱ्या पानावर हा प्रश्न उभा राहतो. यादी निस्तरली तरी चार-पाच वर्षांनी ती पुन्हा काढावी लागते तेव्हा तो परत येतो.

यावर लोक दोन उपाय करतात आणि दोन्ही चुकतात. एक, गूगलवर जे नाव सगळ्यात जास्त दिसतं ते उचलायचं. दोन, सगळ्यात नवं नाव म्हणजे बरोबर नाव असं धरून एक्सेलमध्ये एकदम बदल मारायचा. पहिल्यात जुन्या चुका पुढे जातात, दुसऱ्यात नव्या तयार होतात. आधी विचारायचं ते हे की नावांत फरक पडलाय तो कशामुळे. कारणं मोजून चार आहेत: झाडच चुकीचं ओळखलंय, नियमामुळे नाव बदललंय, शास्त्रज्ञांचं मत बदललंय, नाहीतर स्पेलिंग चुकलंय. प्रत्येकाचा उपाय निराळा.

(इथे नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत आहेत. पाटीवर आणि नोंदवहीत ती रोमन लिपीत, तिरप्या अक्षरांत लिहा. नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा; प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान.)

आधी झाड, मग नाव

याद्यांमधल्या निम्म्या भांडणांत नावाचा दोषच नसतो, ओळख चुकलेली असते. बाभळीचंच बघा. बोलताना आपण पाच-सहा वेगळ्या झाडांना बाभूळ म्हणतो. त्यामुळे "अकेशियाचं वॅचेलिया झालं" एवढं ऐकून फाइंड-रिप्लेस केलं की यादीची वाट लागते.

साधी बाभूळ: पानाच्या तळाशी सरळ, पांढरट काट्यांची जोडी, पिवळी गोंड्यासारखी फुलं, मण्यांची माळ असावी तशी शेंग. ही वॅचेलिया निलोटिका. खराट्यासारखी सरळ वर जाणारी रामकाठी हीच जात, फक्त उपजात वेगळी. नोंदवहीत उपजातीचं नाव गाळू नका. हिवर, म्हणजे पांढऱ्या खोडाचा आणि फिकट फुलांचा, तोही वॅचेलिया (ल्युकोफ्लिआ). देवबाभूळसुद्धा त्यातच. खैराचे काटे मात्र आकड्यासारखे वाकडे आणि फुलं गोंड्यात नसून लांब तुऱ्यात, म्हणून तो गेला सेनेगालिया कॅटेचूकडे. रस्त्याकडेला लावलेली, काटे नसलेली, विळ्याच्या आकाराची पानं वाटावीत असे चपटे देठ असणारी ऑस्ट्रेलियन बाभूळ अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिसच राहिली. तिला हात लावायचा नाही. सुबाभूळ ल्युसिना आहे, अकेशिया नव्हे. आणि माळावर, ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ तर यांतल्या कुठल्याच प्रजातीची नाही. तिचे तुरे शेपटासारखे लोंबते आणि शेंग चपटी, गोडसर असते. तिचं प्रकरण पुढे येईल.

ओळखीची दुसरी नेहमीची चूक अशोकाची. कंपाउंडलगत ओळीने लावलेला उंच, सुळक्यासारखा तो खोटा अशोक. खरा, म्हणजे सीतेचा अशोक, केशरी-लाल फुलांचा. जुन्या पुस्तकांत सीता अशोकाला सराका इंडिका म्हटलेलं सापडतं. ते नाव मुळात आग्नेय आशियातल्या दुसऱ्या जातीचं. आपल्याकडच्या झाडाला ते चुकून चिकटलं. आपला सीता अशोक म्हणजे सराका असोका. अशा नावापुढे डेटाबेसमध्ये "ऑक्ट. नॉन" असं लिहिलेलं असतं: लेखकांनी वापरलं, पण मूळ नावाचा अर्थ तो नव्हे. हे दिसलं की ते नाव समानार्थी म्हणूनसुद्धा बिनधास्त उतरवू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या लेखात सराका इंडिका वाचलं तर लेखक कुठल्या झाडाबद्दल बोलतोय ते तपासावं लागतं.

कडुनिंब आणि बकाणनिंबाची गल्लत तर स्पेलिंगच करून देतं. बकाणनिंब मेलिया आझेडराक. कडुनिंबाचं 1753 चं नाव मेलिया आझाडिराक्टा. दोन-चार अक्षरांचा खेळ. पान बघा: कडुनिंबाचं एकदा विभागलेलं, बकाणाचं दोन-तीनदा. फुलं पांढरी की जांभळट, तेही बघा. पाटीवर काय आहे ते नंतर.

नियमाने बदललेली नावं: इथे उत्तर एकच असतं

वनस्पतींच्या नावांना आंतरराष्ट्रीय संहिता आहे. साधारण दर सहा वर्षांनी भरणाऱ्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये ती सुधारतात. 2017 ला शेंझेन, 2024 ला माद्रिद. मुख्य नियम साधा आहे: 1 मे 1753 पासून पुढे, एका जातीला मिळालेल्या वैध नावांपैकी सगळ्यात जुनं ते बरोबर. हा दिवस स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याच्या "स्पीशिज प्लँटेरम" या ग्रंथाचा धरतात.

तुळस घ्या. ऑसिमम सँक्टम हे नाव घराघरांत पोचलेलं, औषधांच्या बाटल्यांवरही छापलेलं. पण ते लिनियसने 1767 मध्ये दिलं. त्यानेच 1753 मध्ये ऑसिमम टेन्युइफ्लोरम म्हटलेली वनस्पती हीच. जुनं नाव जिंकलं. इथे मत-बित काही नाही. दोन्ही एकच जात हे मान्य असेल तर टेन्युइफ्लोरमच.

शमीचंही तसंच. प्रोसोपिस स्पिसिजेरा (1767) हे नाव जुन्या मराठी पुस्तकांत भरपूर. पण लिनियसने 1759 मध्येच हीच वनस्पती मायमोसा सिनेरारिया म्हणून नोंदली होती. 1914 मध्ये ड्रूसने तो जुना शब्द योग्य प्रजातीत आणला, म्हणून आजचं नाव प्रोसोपिस सिनेरारिया (एल.) ड्रूस. कंसातला "एल." म्हणजे जातीचा शब्द पहिल्यांदा देणारा लिनियस, कंसाबाहेरचा म्हणजे तो शब्द आत्ताच्या प्रजातीत हलवणारा. नाव नवं की जुनं हे ठरवताना कंसाबाहेरचं वर्ष बघून फसू नका. अग्रक्रम ठरतो तो कंसातल्या माणसाच्या वर्षावर. खैरापुढे "एल.एफ." दिसेल. तो लिनियसचा मुलगा, टाइप करताना "एफ." गळला की नाव बापाच्या खात्यावर जातं.

मग सगळ्यात जुना शब्द कधीकधी का वापरत नाहीत? दोन अडथळे असतात.

पहिला, जुळं नाव. प्राण्यांत नाजा नाजा चालतं, वनस्पतींत प्रजाती आणि जातीला तोच शब्द चालत नाही. कडुनिंबाचा 1753 चा शब्द "आझाडिराक्टा" होता, पण झाड त्याच नावाच्या प्रजातीत गेलं, त्यामुळे 1830 चं आझाडिराक्टा इंडिका धरलं. आपल्या ज्वारीचंही हेच. लिनियसने 1753 मध्ये तिला होल्कस सॉर्घम म्हटलं. सॉर्घम प्रजातीत आल्यावर सॉर्घम सॉर्घम झालं असतं. म्हणून 1771 च्या होल्कस बायकलरवरून मोंखने 1794 मध्ये केलेलं सॉर्घम बायकलर. सॉर्घम व्हल्गेअर 1805 चं, म्हणजे नंतरचं. कृषीच्या जुन्या पत्रकांत दिसलं तर ते समानार्थी आहे एवढंच समजा. तुरीचं कजानस कजान मात्र चालतं, कारण शब्द हुबेहूब तोच नाही. नियम अक्षरावर चालतो, कानावर नाही. आणि मालदांडी, एम 35-1 ही जात शास्त्रीय नावात येत नाही. ते वाणाचं नाव, सरळ अक्षरांत आणि एकेरी अवतरणात.

दुसरा अडथळा, तेच नाव आधी कुणीतरी वापरलेलं. याचं उत्तम उदाहरण जिल्ह्यात पिकतं: बोर. लिनियसने 1753 मध्ये आपल्या बोरीला ऱ्हॅम्नस जुजुबा म्हटलं. पुढे गेर्टनरने 1788 मध्ये त्याचं झिझिफस जुजुबा केलं. पण मिलरने 1768 मध्येच झिझिफस जुजुबा हे नाव चिनी बोराला देऊन ठेवलं होतं. एक नाव दोन जातींना नाही, म्हणून आपली उमराण, कडाका, मेहरूण वगैरे बोरं म्हणजे झिझिफस मॉरिशियाना, लामार्कने 1789 मध्ये दिलेलं नाव. घोळ असा की झिझिफस जुजुबा हे नाव आजही बरोबर आहे, फक्त दुसऱ्या झाडासाठी. जुन्या अहवालात ते दिसलं तर पुढे "मिल." आहे की "गेर्टन." किंवा "लाम." ते बघा. लेखकाचं नाव गाळलेलं असेल तर झाडाचं पान उलटं करून बघा: खालून पांढरट लव असेल तर आपली बोर, गुळगुळीत असेल तर चिनी. (रोमन स्पेलिंगात दुसऱ्या झेडनंतर आय की वाय? आय.)

बाजरीने तर परीक्षाच घेतली. पेनिसेटम ग्लॉकम हे नाव कृषी संशोधनात रुळलेलं. पेनिसेटम प्रजाती सेंक्रसमध्ये विलीन झाल्यावर सरळ सेंक्रस ग्लॉकस व्हायला हवं होतं, पण ते नाव दक्षिण भारतातल्या एका चारा-गवताला आधीच दिलेलं होतं. म्हणून बाजरी झाली सेंक्रस अमेरिकॅनस. आफ्रिकेतून आलेल्या, माणदेशात पिकणाऱ्या धान्याला "अमेरिकेचं" हे नाव चमत्कारिक वाटतं, पण नाव म्हणजे वर्णन नव्हे. अर्थ चुकीचा आहे म्हणून नाव रद्द होत नाही. शेवटची अक्षरं मात्र बघा. "अमेरिकॅनम" पेनिसेटमबरोबर, "अमेरिकॅनस" सेंक्रसबरोबर, कारण लॅटिनमध्ये प्रजातीच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलतं. खोट्या अशोकाचं पॉलिअल्थिया लाँगिफोलियावरून मोनून लाँगिफोलियम झालं ते याचमुळे. पहिला शब्द बदलून दुसरा तसाच ठेवला की नाव चुकलं.

नियमाला अपवाद करायची सोयही आहे. रुळलेलं नाव मतदानाने राखून ठेवता येतं, यादीत "नॉम. कॉन्स." लिहिलेलं असतं. बाभळीवर अन्याय झाला तो याच सोयीतून. अकेशिया ही प्रजाती मुळात नाईलच्या बाभळीवर बेतलेली. नंतर कळलं की हा एकजिनसी गट नाही, फोडायला हवा. ऑस्ट्रेलियात सुमारे हजार जाती, त्यांची नावं बदलण्यापेक्षा नावाचा नमुनाच, म्हणजे नाव ज्या झाडाला बांधलेलं असतं तो आधार, ऑस्ट्रेलियन झाडावर हलवावा, असं 2005 ला व्हिएन्नात ठरलं आणि मोठ्या वादानंतर 2011 ला मेलबर्नमध्ये कायम झालं. ज्या झाडावरून नाव पडलं त्याच्याकडूनच ते काढून घेतलं. आवडो न आवडो, निर्णय बंधनकारक आहे. फोड मान्य असेल तर बाभूळ वॅचेलियाच.

मत बदललेली नावं: इथे दोन उत्तरं असू शकतात

आता खरी गोम. नियम सांगतो की अमुक प्रजातीत ठेवलं तर नाव काय. कुठल्या प्रजातीत ठेवायचं ते नियम सांगत नाही. ते डीएनए, फुलं, शेंगा बघून अभ्यासक ठरवतात, आणि त्यांच्यात मतभेद असतात.

करंज हे उदाहरण. पोंगॅमिया ग्लॅब्रा नियमाने बाद, कारण 1753 चा "पिनाटा" हा शब्द उपलब्ध. पण पोंगॅमिया पिनाटा की मिलेशिया पिनाटा? करंज मिलेशियात घालावा असं मानणाऱ्यांसाठी दुसरं नाव बरोबर, वेगळा ठेवणाऱ्यांसाठी पहिलं. दोन्ही वैध आहेत. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचा डेटाबेस सध्या पोंगॅमिया धरतो. अशा वेळी "खरं कुठलं" यावर तासभर वाद घालू नका. एक संदर्भ धरा आणि पूर्ण यादीत तोच चालवा. करंज एका ग्रंथाप्रमाणे, बाजरी दुसऱ्याप्रमाणे अशी खिचडी झालेली यादी सगळ्यात वाईट.

वेडी बाभूळ याच खान्यातली. 2022 मध्ये प्रोसोपिस प्रजाती फोडली. आपली शमी प्रोसोपिसच राहिली, अमेरिकेतून आलेली वेडी बाभूळ नेल्टुमा ज्युलिफ्लोरा झाली. नाव कानाला नवं, पण राफिनेस्कने ते 1838 मध्येच दिलेलं होतं. धूळ झटकून परत वापरात आणलं. जलपर्णीचंही तसंच. सोलापूरच्या संभाजी तलावात, म्हणजे कंबर तलावात माजते ती इकॉर्निया क्रासिपेस आता पाँटेडेरिया क्रासिपेस, आणि हे नाव 1823 चं, इकॉर्नियापेक्षा जुनं. तरवड, टाकळा, कासोद कॅसियातून सेन्नात गेले त्याला तर चाळीस वर्षं झाली. बहावा कॅसिया फिस्टुलाच राहिला. तरीही तरवडावर अजून कॅसिया लिहिलेलं सर्रास दिसतं.

कुळं हा मताचाच भाग. डाळिंब प्युनिका ग्रॅनाटम, जातीचं नाव जराही हललं नाही, पण प्युनिकेसी कूळ बंद होऊन ते मेंदीच्या लिथ्रेसीत गेलं. रुई अपोसायनेसीत, साग तुळशीच्या लॅमिएसीत. बाभूळ-तरवड-तूर यांची तीन कुळं आता एकाच फॅबेसीत. इथे फॅबेसी आणि लेग्युमिनोसी दोन्ही नावं नियमाने चालतात. ही सवलत फक्त आठ कुळांना आहे, गवतांचं पोएसी-ग्रॅमिनी त्यातलंच. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र अभ्यासक्रमात बेंथॅम-हूकरची जुनी वर्गीकरण पद्धत असेल तर तिच्याप्रमाणेच लिहा. तिथे नवेपणा दाखवून गुण मिळत नाहीत.

तपासायची पद्धत, एका नावाला साधारण दहा मिनिटं

नमुना किंवा फोटो आधी: फूल, फळ, पानाची दोन्ही बाजू, काट्याचा तळ. नुसत्या पानावरून अ‍ॅपने दिलेलं नाव ही फक्त सुरुवात समजा.

मग "आयपीएनआय" या सूचीत नाव टाका. ही नावांची जन्मनोंद आहे: कुणी, कधी, कुठे छापलं, स्पेलिंग काय. ती बरोबर नाव कुठलं हे सांगत नाही. तिथे नाव सापडलं म्हणजे ते मान्य, असा समज फार पसरलेला आहे. "नॉम. नुड." दिसलं तर वर्णनाशिवाय छापलेलं नाव, सोडून द्या. "नॉम. इलेज." म्हणजे नियमबाह्य.

मान्य नाव क्यूच्या "प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन"वर बघा आणि "वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन"शी ताडून पाहा. जुळलं तर छान. पण तीन साइटवर तेच दिसलं म्हणजे तीन साक्षीदार झाले असं नाही. बऱ्याच साइट एकमेकांचीच माहिती उचलतात. "द प्लँट लिस्ट"चा आधार तर घेऊच नका. ती 2013 नंतर सुधारलेली नाही, तरी अजून गूगलमध्ये वर येते. दोन साइटचं पटत नसेल तर दोघींनी दिलेला मूळ संदर्भ बघा. ज्यांचा अभ्यास भारतीय नमुन्यांवर आहे त्याला वजन जास्त. तरी अडलं तर वाळवलेला नमुना पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहात ताडून घ्यायची सोय बघा. नमुन्यावर जागा, तारीख आणि फुलाचा ताजा रंग लिहायला विसरू नका. वाळल्यावर तरवडाचा पिवळाही ओळखू येत नाही.

एक्सेलमध्ये आठ रकाने पुरतात: स्थानिक नाव, जुन्या पाटीवरचं किंवा नोंदवहीतलं नाव जसंच्या तसं, चुकीसकट, आज मान्य नाव, लेखक, कुठल्या डेटाबेसवरून, कुठल्या तारखेला, नमुना किंवा फोटो क्रमांक, फरकाचं कारण (ओळख, नियम, मत, स्पेलिंग). दुसरा रकाना कधीही दुरुस्त करायचा नाही. पाच वर्षांनी बघणाऱ्याला तोच धागा असतो. "कारण" रकान्यात "मत" लिहिलेल्या ओळी तेवढ्या पुढच्या खेपेला पुन्हा तपासायच्या; "नियम"वाल्यांना सहसा हात लावावा लागत नाही. सहसा म्हटलं, कारण 2024 ला माद्रिदमध्ये आफ्रिकी लोकांना अपमानास्पद असलेला "काफ्रा" हा शब्द सगळीकडे "आफ्रा" करायचं ठरलं. पांगाऱ्याच्या आफ्रिकी भावंडाचं, एरिथ्रिना काफ्राचं नाव त्यात बदललं.

कुठे काय लिहायचं

लेखात आणि प्रबंधात पहिल्यांदा नाव येतं तिथे लेखकासकट मान्य नाव, पुढे कंसात "समानार्थी" म्हणून रुळलेलं जुनं. बाजरीवर लिहिताना पेनिसेटम ग्लॉकम गाळलं तर तुमचा लेख कुणाला शोधून सापडणार नाही. उलट, जुने लेख शोधताना सगळी नावं टाकावी लागतात: बाभळीसाठी तिन्ही, बाजरीसाठी पेनिसेटम टायफॉइड्ससुद्धा. मुंबई इलाख्याच्या कुकच्या फ्लोरात, म्हणजे वनस्पतींच्या नोंदग्रंथात (1901-08) आणि हूकरच्या ग्रंथात बाभूळ अकेशिया अरेबिका म्हणूनच आहे, तिथे निलोटिका शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

शेतकऱ्यांच्या पत्रकात शास्त्रीय नाव हवंच असेल तर एकदा, तळाला. वर ठळक अक्षरांत बोर, बाजरी, वेडी बाभूळ. रोपवाटिकेच्या बिलावर मात्र दोन्ही घ्या, कारण "अशोक" एवढंच लिहून मागवलं तर सीता अशोकाच्या ऐवजी खोटा अशोक हमखास येतो.

झाडावरच्या पाटीसाठी अ‍ॅल्युमिनियमवर कोरलेली अक्षरं टिकतात. सोलापूरच्या उन्हात छापील स्टिकर उडतो. वरच्या ओळीत मराठी नाव मोठं, मधे मान्य नाव, खाली बारीक अक्षरांत जुनं नाव आणि यादी तपासल्याचं वर्ष. पाटी खिळ्याने ठोकायची नाही. स्प्रिंग लावून तारेने बांधा, म्हणजे खोड वाढलं तरी तार सालीत रुतत नाही.